पंधरा मिनिटांची तयारी आणि चाळीस सेकंदांचा खेळ: २१ महिन्यांच्या मुलीसोबत नक्की करायचं काय?

अर्धवेळ_बाबा

नमस्कार मंडळी. लेक २१ महिन्यांची आहे. सकाळी आठ ते दुपारी दोन ती माझ्या ताब्यात (की मी तिच्या, हे अजून ठरायचंय). दोनला तिची आई कामावरून येते आणि मी माझ्या कामाला बसतो.

महिन्याभरापूर्वी मी मोठ्या हौसेने आठवड्याचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. सोमवारी रंग, मंगळवारी आकार, बुधवारी आकडे, असं. पहिल्या सोमवारी चार रंगांच्या कागदांचे तुकडे कापले, चार वाट्यांना त्याच रंगांच्या पट्ट्या लावल्या. लाल तुकडा लाल वाटीत टाकायचा, एवढंच. तयारीला पंधरा मिनिटं गेली. बाईसाहेब आल्या, तुकड्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही, एक वाटी डोक्यावर घातली आणि चालत्या झाल्या. चाळीस सेकंद, फार तर. मंगळवार तिने फ्रिजवरून फाडून नेला. महिन्याभरात तेवढा एकच उपक्रम यशस्वी झाला असं म्हणायचं.

बाहेर नेलं तर बागेपर्यंत पोचतच नाही. फाटकाजवळ पाणी वाहून जायच्या चरावर लोखंडी जाळी आहे. तिथे फतकल मारून बसते आणि एकेक खडा भोकातून खाली टाकते. रोज तेच. ओढून नेलं की भोकाड.

तर विचारायचं होतं की घरात आणि बाहेर करता येतील अशा साध्या गोष्टी सुचवाल का? आणि या वयात रंग, आकडे यायला हवेत का? शेजारी तिच्याएवढाच मुलगा दहापर्यंत म्हणतो. मला उगाच घाई नाही, पण मनात येतंच.

---

दोघींची_आई

खेळ मांडू नका, कामं वाटून द्या. माझ्या दोघी याच वयाच्या होत्या तेव्हा कपडे वाळत घालायचा कार्यक्रम पाऊण तास चालायचा. एक बादलीतून कपडा काढून देणार, दुसरी चिमटा देणार. देताना "आईचा", "बाबाचा", "माझा" अशी वाटणी आपोआप व्हायची. वाळलेल्या ढिगातून पायमोज्यांच्या जोड्या लावणं हा आमचा आवडता खेळ. तुमच्या रंगीत वाट्यांचं तेच काम, फक्त कापाकापी नाही.

कपड्यांना अर्थात जास्त वेळ लागतो. पण वेळ घालवायचाच तर होता ना!

---

पुढचं_पाऊल

चित्रांची कार्डं आणा. रोज दहा कार्डं, पटापट दाखवायची. माझा भाचा दोन वर्षांचा व्हायच्या आत सगळे प्राणी ओळखत होता. या वयात मेंदू टीपकागदासारखा असतो, वेळ वाया घालवू नका.

---

टोपलीवाली_ताई

@अर्धवेळ_बाबा, मी बावीस वर्षं दीड ते तीन वर्षांची मुलं सांभाळली, आता निवृत्त आहे. त्यामुळे जरा लांबण लागेल, सवयीचा दोष.

आधी त्या जाळीबद्दल. तुम्ही तिला बागेत न्यायला बघताय, आणि ती तिचा अभ्यास करून उठायला तयार नाही. खडा हातात असतो, सोडला की दिसेनासा होतो, मग खालून आवाज येतो. मोठा खडा अडकतो, छोटा जातो, लांबट खडा फिरवला तर जातो. आकार शिकवायला तुम्ही मंगळवार राखून ठेवला होता, तो तिने जाळीवर उरकला. तिथे मुकाट्याने बसा तिच्याशेजारी. एखादाच शब्द बोला: "अडकला." "गेला." "टप्." बोललात की गप्प राहा, मनातल्या मनात पाचापर्यंत मोजा. मुलांना उत्तर जुळवायला आपल्यापेक्षा वेळ लागतो आणि आपण त्यांना तो देतच नाही. "हा कुठला रंग? हा गोल आहे की चौकोन?" असं सतत विचारत राहिलं की खेळाची तोंडी परीक्षा होते. मोठ्यांनाही ती नको असते.

आता घरातलं. इंग्लंडमधे एलिनॉर गोल्डश्मीड नावाच्या बाई होत्या, १९१० चा जन्म, लहान मुलांच्या संगोपनावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. बसायला लागलेल्या, पण रांगू न लागलेल्या बाळांसाठी त्यांनी 'खजिन्याची टोपली' सुचवली. एक बुटकी टोपली, तिच्यात लाकडी डाव, ब्रश, कापडाचा तुकडा, धातूची वाटी असल्या घरातल्याच वस्तू. चालायला लागलेल्या मुलांसाठी त्याचीच पुढची पायरी आहे आणि तुमची लेक नेमकी तिथे आहे. भरपूर डबे, बरण्या, झाकणं, कड्या, पुठ्ठ्याच्या नळ्या, कपड्यांचे चिमटे, साखळीचे तुकडे जमिनीवर मांडायचे आणि आपण बाजूला बसायचं. दाखवायचं नाही, सुचवायचं नाही, "अरे वा" सुद्धा म्हणायचं नाही. शेवटी पसारा तिच्यासोबत आवरायचा. "झाकणं कुठे आहेत? इकडे टाक." हे आवरणं खेळातच धरायचं. वर्गीकरण तिथेच होतं, तेही तक्रार न करता.

माझ्याकडे एक मुलगा होता, वीस-बावीस महिन्यांचा. त्याला चिमटे उघडता यायचे नाहीत, बोटांत तेवढा जोरच नव्हता. त्याने डब्याच्या काठावर चिमटे नुसते आडवे ठेवायला सुरुवात केली. पडायचे. परत ठेवायचा. माझे हात शिवशिवत होते, पण मी हातांची घडी घालून बसले. चौथ्या की पाचव्या दिवशी त्याने चिमट्याचे दोन पाय डब्याच्या काठावर उभे रोवले, स्वारासारखे, आणि तो राहिला. मग त्याने सगळा काठ भरला. मी पहिल्याच दिवशी उघडून दाखवलं असतं, तर त्याला चिमटा वापरायची माझी पद्धत कळली असती. त्याची त्याला सापडली नसती.

आकड्यांचं म्हणाल, तर दहापर्यंत म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. म्हणणं हे गाण्यासारखं, चालीवर पाठ होतं. "मला दोन चमचे दे" म्हटल्यावर दोनच देणं बऱ्याच मुलांना अडीच-तीनच्या आसपास जमू लागतं, कुणाला आणखी उशिरा. शेजारच्या बाळाचं कौतुक करा आणि घरी या. जिना चढताना पायरीगणिक एक, दोन म्हणा, दोन्ही हातांत एकेक वस्तू देताना "दोन" म्हणा. पुरे आहे.

कार्डांबद्दल. वाईट नाहीत, पण कार्डावरची मुंगी चालत नाही. आणि 'पटापट' कशाला? तिला एका चित्रावर थांबायचं असेल तर?

---

अर्धवेळ_बाबा

ताई, वाचून जरा वरमलो. मी "अरे वा"चा कारखाना आहे. प्रयत्न करतो.

पण दोन अडचणी. एक, ती वस्तू फेकते. मांडलं की फेकलं. दोन, पाणी. मोरीतून बाहेरच येत नाही. तेही अभ्यासातच धरायचं का?

---

दोघींची_आई

फेकण्यावर आमचा इलाज: फेकायच्या वस्तू वेगळ्या. गुंडाळलेले पायमोजे आणि एक रिकामी बादली. "डबा नाही, मोजा फेक." सतरा वेळा सांगावं लागतं, अठराव्यांदा ऐकतात. बहुतेक.

---

टोपलीवाली_ताई

फेकणं म्हणजे तिची जाळीच आहे, फक्त आडवी. आणि मांडलेल्या वस्तू फार झाल्या तरी फेकतात. निम्म्या करून बघा.

पाण्याला तर तोडच नाही. एक पसरट भांडं, एक रिकामं भांडं, एक स्पंज. स्पंज बुडवायचा, दुसऱ्या भांड्यात पिळायचा. पिळताना पूर्ण तळवा आणि मनगट कामाला लागतं. पुढे बटण लावायला, पेन्सिल धरायला हेच हात लागणार आहेत. खाली जुना टॉवेल अंथरा आणि सांडेल हे गृहीतच धरा. नंतर पाण्याचा मग, चाळणी, गाळणी एकेक करून आणा, सगळं एका दिवशी नको. चाळणीत पाणी का राहत नाही याचं आश्चर्य आठवडाभर पुरतं.

मात्र इथे माझा आवाज चढतो. पाण्याशी असताना हाताच्या अंतरावर बसायचं. फोन आला, दार वाजलं, तर तिला उचलून घेऊन जायचं. एवढी लहान मुलं काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतात, आणि बुडताना आरडाओरडा होईलच असं नाही. खेळ झाला की भांडी लगेच रिकामी. बादलीसुद्धा.

टोपलीतल्या वस्तूंचंही तसंच. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला अमेरिकेत सुमारे ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावली ती वस्तू घशात अडकू शकते. घरी आणखी सावधपणे, टिश्यू रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं ते देऊ नका. याच हिशेबाने खडे फक्त तुमच्या डोळ्यांदेखत, आणि खिशातून घरी आणायचे नाहीत. चिमट्याची स्प्रिंग सैल असेल तर तो चिमटा बाद. साखळी आखूड हवी, गळ्याभोवती जाणारी नको. रिमोटमधल्या किंवा वाजणाऱ्या खेळण्यातल्या चपट्या गोल बटण-बॅटऱ्या तर घरात कुठेच हाती लागता कामा नयेत. गिळल्यावर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते, शंका आली तरी थेट दवाखाना. पाण्यात फुगणारे रंगीत मणीही नकोत, ते पोटातही फुगतात.

झालं, आवाज खाली.

---

संथ_आजोबा

बाहेरचं मी सांगतो. नातवासोबत रोज फिरायला जातो, म्हणजे तो नेतो. मी घड्याळ घरी ठेवतो. विजेच्या खांबापर्यंतचं अंतर साठ पावलं, आम्हाला चाळीस मिनिटं लागतात. वाटेत एक मोडकी पायरी आहे, ती अकरा वेळा चढायची. एक भिंत आहे, तिच्यावर मुंग्यांची रांग. परवा त्याने रांगेत वाळकं पान आडवं ठेवलं. मुंग्या थबकल्या, दोन-चार वर चढल्या, बाकीच्या वळसा घालून गेल्या. हा वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, हवालदारासारखा बघत होता. मग पान उचललं. मग परत ठेवलं.

एक पिशवी सोबत असते. पानं, काटक्या, पिसं नाही (आजी ओरडते). घरी आल्यावर मोठं पान, छोटं पान, खरखरीत, गुळगुळीत. पाऊस पडून गेला की डबकी. सकाळी ऊन असेल तर सावलीवर पाय द्यायचा खेळ, तो कधीच जिंकत नाही आणि कधीच कंटाळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मधे सांगितलंय की एक-दोन वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, बाबागाडीत वगैरे एका वेळी तासाभराहून जास्त अडकवून ठेवू नये, आणि एक वर्षाच्या मुलांना पडदा दाखवूच नये. दोन वर्षं झाली की दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नाही. सुनेने वाचून दाखवलं. १८० ऐकून मी दचकलो, मग एक दिवस नुसतं त्याच्या मागे फिरलो तर दुपारपर्यंतच तो माझ्या पुढे होता.

---

पुढचं_पाऊल

सगळं ठीक आहे, पण मुंग्या बघून शाळेत प्रवेश मिळत नाही.

---

संथ_आजोबा

अहो, तो पावणेदोन वर्षांचा आहे.

---

अर्धवेळ_बाबा

दहा दिवसांनी हजेरी लावतोय.

वेळापत्रक काढून टाकलं. (बुधवार आणि शुक्रवारच उरले होते.) जाळीपाशी रोज वीस मिनिटं बसतो. पहिल्या दिवशी गप्प बसणं फार जड गेलं, येणारे-जाणारे विचारत होते काही हरवलंय का. सहाव्या दिवशी तिने एक खडा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, अकला." मी टाकून बघितला, खरंच अडकला! तिला आधीच माहीत होतं. नंतर ती स्वतःच उठली आणि बागेच्या दिशेने चालायला लागली. बागेत पोचलो नाही ते वेगळं, मधे एक मांजर होतं.

स्पंज हिट आहे. दुसऱ्या दिवशी तिने पिळून पिळून अख्खं भांडं भरलं, मग ते सरळ पहिल्या भांड्यात ओतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पुना." पंचवीस मिनिटं. माझा चहा गार झाला तरी उठलो नाही, ताईंचा चढलेला आवाज आठवत होता.

मोजे आणि बादली चालू आहे. अठराव्यांदा ऐकतात हे खरं नाही, आम्ही तिशीच्या पुढे आहोत.

झाकणांचा मात्र हिशेब लागत नाही. बारा मांडली होती, आवरताना अकराच भरली. दोन दिवस सोफ्याखाली, उशीखाली, फ्रिजमागे शोधलं. ती पण माझ्यासोबत वाकून शोधत होती, अगदी काळजीत. आत्ता बाहेर जायला म्हणून बुटात पाय घातला. सापडलं. ती दारात उभी राहून टाळ्या वाजवतेय.