डिस्कची वही: 'काहीही कशातही बसतं' म्हणे!

गिरगावकर: डिस्कची वही म्हणजे कण्याला सुट्या चकत्या, त्यांत पानं अडकवायची नि हवी तेव्हा काढायची. परवा एकाने ठोकून दिलं, "डिस्कची कुठलीही पानं कुठल्याही वहीत चालतात, पंच घ्या नि रिफिल घरीच पाडा." अर्धसत्य आहे. सर्का, आर्क, आतोमा, या सगळ्या ब्रँडांत मशरूमसारखं छिद्र (आत गोल, कडेला अरुंद मान) आणि डिस्कमधलं अंतर साधारण इंचभर, म्हणून पान अडकतं. पण ज्युनिअर मापाचं पान २१६ मिमी उंच, ए-५ २१० मिमी. डिस्क दोन्हींत ८. ज्युनिअरला लावलेल्या पंचात ए-५ कडेला टेकवून मारलात, की पान ३ मिमी सरकलंच. खूण मध्यापासून घ्या. हॅपी प्लॅनर ब्रँडच्या क्लासिक मापाला तर ९ डिस्क, ते प्रकरणच वेगळं.

कागदकिडा: ३ मिमीसाठी एवढं रामायण? वहीत लिहायचंय की भिंतीवर टांगायचीय?

प्रेसवाला_लालबाग: ते ३ मिमी सोडा हो, खरा घोळ ग्रेनचा, म्हणजे कागदातले तंतू कुठल्या दिशेने धावतात त्याचा. ए-४ रीम बहुतेक लाँग ग्रेन, म्हणजे तंतू २९७ मिमीच्या लांब बाजूने. मधोमध कापून ए-५ केलंत की तंतू कण्याला आडवे. दमटपणात कागद फुगतो तो तंतूंच्या आडव्या दिशेला, म्हणजे नेमका कण्याच्या लांबीत. प्लास्टिकचं कव्हर काही फुगत नाही. मग जुलैत डिस्कपाशी लाटा येतात आणि पान उलटताना अडतं. ए-३ लाँग ग्रेन घ्या, चार तुकडे करा, तंतू कण्याला समांतर येतात.

कागदकिडा: मुंबईच्या कागदबाजारात, अब्दुल रहमान स्ट्रीटवर जाऊन ग्रेन विचारा. दुकानदार तोंडाकडे बघत बसेल.

प्रेसवाला_लालबाग: विचारायचं कशाला? कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवा. सहज वळतो तेव्हा तंतू त्या वळणाच्या रेषेत. हात आहेत ना?

शाईमित्र: भांडा खुशाल, पण ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) पातळ कागद वापरू नका, छिद्राच्या मानेशी फाटतो. १०० घ्या. पंचात एका वेळी चार पानं पुरेत. जास्त कोंबलीत तर खालच्यांची मान अर्धवट कापली जाते. पंच नसेल तर साध्या सिंगल पंचने गोल पाडून कात्रीने मान कापता येते, फक्त ती डिस्कच्या कडेपेक्षा अरुंद हवी, नाहीतर पान गळतं.

गिरगावकर: पानाला ८ छिद्रं, दोन-दोन कट. ५० पानांना ८०० कट. शुभेच्छा!

कागदकिडा: मग सरळ स्पायरल करून घ्या ना, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे.

गिरगावकर: आणि मधलं पान काढून पुढे लावायचं असेल तर? तेवढ्यासाठीच तर डिस्क!

कागदकिडा: बरं बाबा, ग्रेनचं मान्य. ३ मिमीचं अजिबात नाही.