पात्रांची नावं काढून देणारं अ‍ॅप सुचवा (फुकट, मोबाईलवर चालणारं)

दुसरा_मसुदा: फँटसी कादंबरी लिहितेय. दोन टोळ्या, चाळीसेक पात्रं. नावं खऱ्या कुठल्या भाषेतली नकोत, पण एका टोळीची नावं एका घरची वाटली पाहिजेत. लॅपटॉप नाही, कोडिंग येत नाही, पैसे घालायचे नाहीत. देवनागरीत हवीत.

शाईबहाद्दर: डोळे झाकून स्क्रिव्हनर घ्या, लिहिण्याचं सॉफ्टवेअर आहे. नावं काढायची सोय आतच आहे. माझी अख्खी कादंबरी त्यातच झाली, सध्या प्रकाशकाकडे आहे.

निशाचर: अहो त्या फुकट म्हणतायत, लॅपटॉप नाही म्हणतायत.

शाईबहाद्दर: चांगली वस्तू फुकट मिळत नसते.

कोडकिडा: मार्कोव्ह चेन! पायथनमध्ये (कोडिंगची भाषा) वीसेक ओळींत होतं. आवडीची शे-दोनशे नावं द्यायची, कुठल्या अक्षरामागे कुठलं येतं ते मोजून प्रोग्रॅम त्याच हिशोबाने नवीन जुळवतो. मागचं एकच अक्षर बघायला सांगितलं तर काहीही बरळतो, तीन-चार सांगितली तर तुमचीच नावं परत देतो, दोन ठेवा. रशियन गणिती मार्कोव्हने १९१३ मध्ये कवी पुश्किनची २०,००० अक्षरं हाताने मोजली होती.

कडूकारलं: त्याने स्वर-व्यंजनं मोजली, नावं नाही काढली.

कोडकिडा: तत्त्व तेच ना!!

अर्धविराम: देवनागरीत हे सरळ चालत नाही. युनिकोडला (कॉम्प्युटर अक्षरं साठवतो ती पद्धत) 'कि' म्हणजे दोन तुकडे, 'क्षि' म्हणजे चार, म्हणजे तुमच्या त्या 'दोन'मध्ये कधीकधी धड एक अक्षरही मावत नाही. आणि लांबी ठरवून कापलं की शेवटी पाय मोडलेलं अक्षर लटकतं. आधी यादी अख्ख्या अक्षरांत तोडा, नाहीतर रोमनमध्ये नावं काढून मग देवनागरीत लिहा.

वाचनवेडी: एवढं कशाला, चॅटबॉटला विचारा की.

कडूकारलं: विचारलं होतं. एलारा. वेगळं दे म्हटलं तर एलारिया.

निशाचर: प्रोग्रॅम कुठलाही घ्या, आधी टोळ्यांना अक्षरं वाटून द्या. एकीला ढ, ण, ळ, ख, दुसरीला ल, म, य, स. ढोळण, खणाळ एकीकडे, सेमाय, लयोस दुसरीकडे, लगेच फरक कळतो. आणि सारखी समोरासमोर येणारी दोन पात्रं एकाच अक्षराने सुरू करू नका, वाचक गोंधळतो.

वाचनवेडी: हेच सांगणार होते, एकाच अक्षराने सुरू करू नका.

कोडकिडा: पायथन मोबाईलच्या ब्राउझरमध्येही चालतं हं.

शाईबहाद्दर: लॅपटॉप घेऊनच टाका, कधी ना कधी लागणारच.

दुसरा_मसुदा: सगळ्यांचे आभार. प्रोग्रॅम राहू दे. निशाचर म्हणाले तशी अक्षरं वाटली, कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, तीन-तीन उचलतेय आणि मोठ्याने म्हणून बघतेय, जीभ अडखळली की चिठ्ठ्या परत डब्यात. सरदार ठरला, ढणोळा.

कोडकिडा: हे नुसतं रँडम झालं, मार्कोव्ह नाही.

शाईबहाद्दर: ढणोळा कोण लक्षात ठेवणार?