साताऱ्यात सहावीसाठी पालिकेची / झेडपीची शाळा कोणती बरी?

चाकणहून_परत
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही चाकणहून कायमचं साताऱ्याला येतोय, सासरे एकटे आहेत आणि ह्यांचं कंपनीतलंही आता काही खरं नाही. मुलगी यंदा पाचवीत, इंग्लिश मीडियम. तिथली फी परवडत होती तोवर परवडली, आता नाही, लपवण्यात काय अर्थ. घर शाहूपुरीत. मला पालिकेची, झेडपीची नाहीतर अनुदानित, सेमी असलेली शाळा हवीय सहावीपासून. नणंद म्हणते "पालिकेच्या शाळेत कोण घालतं गं आता", सासरे म्हणतात आम्ही तिथेच शिकलो. दोघांचंही ऐकून डोकं फिरलंय. शाळांची तुलना करायची तर नेमकं बघायचं काय? आणि दाखला मिळायला उशीर झाला तर प्रवेश अडतो का?

राजवाडा_चौपाटी
ताई आधी एकच विचारा, शाळा कितवीपर्यंत आहे. हे कुणी सांगत नाही. पालिकेच्या बऱ्याच जुन्या शाळा पहिली ते सातवी, म्हणजे सहावीला घातलं की दोन वर्षांत परत आठवीला हायस्कूल शोधा, परत नवीन मैत्रिणी, परत नवीन गणवेश. आमच्या थोरल्याचं हेच झालं, आठवीचं अर्धं वर्ष पोरगं गप्प गप्पच होतं. धाकटीला म्हणून पाचवी ते दहावी एकाच आवारात बघितलं.

प्रतापसिंह हायस्कूलचं नाव सगळे काढतील, बाबासाहेब 7 नोव्हेंबर 1900 ला तिथे दाखल झाले, त्यावरूनच राज्यात विद्यार्थी दिवस पाळतात, शाळा आता झेडपीकडे आहे. अभिमान आहेच, पण शाळा कुठलीही असो, इतिहासावर जाऊ नका, आज सहावीच्या वर्गाला कोण शिकवतंय ते बघून या.

खडू_आणि_डस्टर
मी 31 वर्षं शिकवलं, आता रिटायर. वरच्यांनी बरोबर सांगितलं, त्यात भर घालते. आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक आणि विज्ञान-गणित, समाजशास्त्र, भाषा यांना किमान एकेक शिक्षक असं आहे. कागदावर सगळीकडे असतं हो. प्रत्यक्षात एखादी जागा रिकामी, मग मराठीच्या बाई सेमीचं गणित घेतात, आणि निवडणूक आली की त्याही यादीच्या कामाला. म्हणून हेडबाईंना सरळ विचारायचं, सहावीला गणित कोण घेतं, त्यांना भेटता येईल का.

अजून एक, हे कुणाला सांगू नका मी सांगितलं म्हणून :) मधल्या सुट्टीच्या वेळेला जायचं आणि बाहेर खेळणाऱ्या दोन पोरांच्या गणिताच्या वह्या मागायच्या. शेवटची लाल सही कुठल्या तारखेची आहे ते बघा. चकाचक रंगवलेल्या भिंतींच्या एका शाळेत (नाव लिहीत नाही) फेब्रुवारीत मी वही बघितली तर शेवटची सही दिवाळीच्या आधीची. दुसरीकडे पत्र्याचे वर्ग, पण चुकलेलं उदाहरण शेजारी परत सोडवून घेतलेलं, खाली बाईंची तारीख आदल्या दिवशीची. मी नातीला त्या पत्र्यात घातलं असतं. जाताजाता मुलींच्या स्वच्छतागृहात नळाला पाणी येतं का तेही स्वतः सोडून बघा, सहावी-सातवीच्या मुलीला ते फार लागतं.

दाखल्याचं टेन्शन घेऊ नका, आठवीपर्यंत दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आधार आणि जुन्या शाळेतून यूडायसचा पेन नंबर (सरकारी नोंदणीतला मुलीचा कायमचा नंबर) तेवढा घेऊन ठेवा.

गोडोलीकर
माझ्या मते सैनिक स्कूल बघा, आता मुलींना पण घेतात. नाहीतर नवोदय ट्राय करा.

राजवाडा_चौपाटी
@गोडोलीकर अहो सहावीची परीक्षा पाचवीत असतानाच द्यायची असते दोन्हीकडे, फॉर्म कधीच गेले. आणि सैनिकला फी आहे चांगलीच, ताईंनी फीचंच सांगितलंय ना वर.

पोवईनाका_ट्रॅफिक
एक गोष्ट राहतेय. एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा, पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. अट अशी की मुलगी सरकारी, पालिका-झेडपीच्या किंवा अनुदानित शाळेत हवी, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीला 55 टक्के. विनाअनुदानित शाळेतल्या पोराला हुशार असून फॉर्मच भरता येत नाही, माझ्या पुतण्याचं तेच झालं आणि भावाला कळलं आठवीच्या डिसेंबरात. तेव्हा शाळेत विचारा गेल्या वर्षी एनएमएमएसला किती बसले, किती लागले. जी शाळा पटकन आकडा सांगते तिथे तयारी करून घेतात, जी "हो हो बसवतो की" म्हणते तिथे तुम्हालाच बघावं लागेल.

सेमीची काळजी नको, गणित-विज्ञान इंग्रजीतच आहे, तिला सोपं जाईल. मार खाईल ती मराठी आणि इतिहासात. ई-बालभारतीवर पुस्तकं फुकट आहेत, सुट्टीत रोज आजोबांपुढे एक पान मोठ्याने वाचायला लावा.

चाकणहून_परत
सगळ्यांचे खूप आभार. शनिवारी येऊन तीन शाळा बघितल्या. एका ठिकाणी शिपायानेच वाटेला लावलं, साहेब मीटिंगला. दुसरी सातवीपर्यंतच निघाली, पण बाई इतक्या चांगल्या की वाईट वाटलं. तिसरी पाचवी ते दहावी, घरापासून चालत वीस मिनिटं, गणिताचे सर वर्गात अपूर्णांक घेत होते, मला बघून थांबले नाहीत, म्हणाले दहा मिनिटं बसा. वही मागायची हिंमत नाही झाली, खडू_आणि_डस्टर ताई, पण लेकीने एका मुलीशी गप्पा मारता मारता तिची वही स्वतःच उघडली. सही गुरुवारची होती. नळाला पाणी होतं, कडी मात्र तुटलेली, ती सांगितली तर हेडसर म्हणाले शाळा समितीत या आणि तुम्हीच मागे लागा. सासरे आत्तापासूनच बालभारती घेऊन बसलेत.