मदत हवी आहे: ध्येयवाक्य सुचवा (तातडीचं, लेबल छापायला जायचंय)

उद्योगी_उर्मी
नमस्कार मंडळी. आमच्या व्यवसायाला ध्येयवाक्य हवंय. शनिवारी प्रिंटरला फायनल द्यायचंय, तो रोज फोन करतोय. घरच्यांनी मिळून एक ठरवलंय, पण धाकट्या दिरांना पटत नाही, म्हणतात फार मोठं झालं. ते असं:
'परंपरा आणि आधुनिकता यांचा संगम साधत, ग्राहकांच्या आरोग्याला सर्वोच्च प्राधान्य देऊन, शुद्ध व दर्जेदार उत्पादने रास्त दरात घराघरांत पोहोचवणे हे आमचे ध्येय आहे.'
कृपया छोटं करून द्या. चॅटजीपीटीला विचारा म्हणू नका, वरचं त्यानेच दिलंय.

बोरूबहाद्दर
ताई, विकता काय? हे वाक्य उदबत्तीला चालेल, लोणच्याला चालेल आणि मुतखड्याच्या काढ्यालाही चालेल.

उद्योगी_उर्मी
तेल. लेबलवर घाण्याचं चित्र आहे म्हणून वेगळं लिहिलं नाही.

बोरूबहाद्दर
ते लेबल आम्हाला इथून कसं दिसणार?

उद्योगी_उर्मी
बरं. लाकडी घाणा, २०२१ पासून. शेंगदाणा, करडई, खोबरेल. आता सुचवा.

पंतोजी
संस्कृत घ्या. एलआयसीचं 'योगक्षेमं वहाम्यहम्' बघा, गीतेचा नववा अध्याय. आपल्या एसटीचं 'बहुजन हिताय बहुजन सुखाय'. वजन पडतं. संस्कृतात स्नेह म्हणजे माया आणि स्नेह म्हणजे तेलही. तेव्हा 'स्नेहं वहाम्यहम्'. मेव्हण्याच्या टायरच्या दुकानालाही मीच काढून दिलं होतं.

शेवंती_७२
पंतोजी, ती ब्रीदवाक्यं झाली. ध्येयवाक्यात तुम्ही काय करता, कुणासाठी आणि कसं, हे यावं लागतं. जाहिरातीत असतं ते घोषवाक्य. तिन्ही वेगळी.

पंतोजी
शेवंतीताई, गिऱ्हाईक तेल घ्यायला येतं, व्याकरण शिकायला नाही.

शेवंती_७२
मग संस्कृत कशाला?

फोडणी_फेम
अवांतर: करडई तेल काय भाव? पुण्याला पाठवता का?

लेबलवाला
आधी 'शुद्ध' खोडा. खाद्यपदार्थांच्या दाव्यांबद्दल एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे नियम आहेत. शुद्ध, नैसर्गिक, पारंपरिक असले शब्द मनाला येईल तसे छापता येत नाहीत, त्यांना अटी आहेत. तेलाच्या बाटलीवर 'हृदयाला उत्तम', 'कोलेस्टेरॉलशी लढणारे' असलं काही असेल तर तेही काढा. १४ आकडी परवाना क्रमांक घातलाय ना? गाळायच्या आधी तेल किती दिवस निवू देता? बाटली काचेची की प्लास्टिकची?

उद्योगी_उर्मी
क्रमांक आहे. 'हृदयाला उत्तम' होतं, काढते. तीन दिवस गाळ बसू देतो, मग कापडातून गाळतो. बाटलीचा आणि ध्येयवाक्याचा काय संबंध ते कळलं नाही.

सरळ_सांगतो
ही सगळी कॉर्पोरेट थेरं. आमच्या आजोबांच्या दुकानात एकच पाटी होती, 'आज रोख उद्या उधार'. चाळीस वर्षं दुकान चाललं.

गृहिणी_नं_१
खोबरेल थंडीत गोठलं तर भेसळ समजू नये. बाटली कोमट पाण्यात ठेवावी.

उद्योगी_उर्मी
ताई, ते माहीत आहे. विकतो आम्ही.

तिखटजाळ
मसाल्याचा धंदा करते म्हणून लिहिते. आम्ही पाकिटावर 'दर आठवड्याला ताजा कुटलेला' असं छापलं, ४,००० पाकिटं. जुलैत आठ दिवस ऊन नाही, मिरची वाळेना. एका बाईने पाकीट हातात धरून विचारलं, हा कुठल्या आठवड्यातला? मला उत्तर देता येईना. उरलेल्या पाकिटांत दोन वर्षं घरचीच डाळ भरत होते.
तेव्हापासून मी उलटं करते. कितीही गर्दी झाली तरी आपण कशाला नाही म्हणणार, ते आधी ठरवायचं. लिज्जत १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. तर उर्मीताई, तुमच्याकडे घाणे किती? दिवसाला तेल किती निघतं? आणि दिवाळीत भागतं का?

सरळ_सांगतो
दिवाळीत कुणाचंच भागत नसतं. ज्याचं भागतं त्याचा धंदा चालत नसतो.

उद्योगी_उर्मी
घाणा एकच. एका घाणीला १५ किलो दाणे, सहा लिटरच्या आसपास निघतं. दिवसाला सहा घाण्या, लाइट गेली तर चार. दिवाळीआधी मागणी याच्या दुप्पट असते. तेव्हा ओळखीतल्या एकांकडून घेतो, त्यांचाही लाकडी घाणाच आहे. आणि 'आमच्याच घाण्यावर काढलेलं' असं आम्ही कुठेही लिहिलेलं नाही.

बोरूबहाद्दर
चित्र छापलंय की.

उद्योगी_उर्मी
चित्र नेटवरचं आहे, बैल जुंपलेलं. आमचा घाणा मोटरवर चालतो.

शेवंती_७२
अगं बाई.

तिखटजाळ
रागावू नका, सगळेच घेतात बाहेरून. मीही हळद घेते, पण पाकिटावर तसं लिहिते. एक विचारू? दीर 'फार मोठं' म्हणाले ते लांबीबद्दलच का? घाण्यावर कोण बसतं?

उद्योगी_उर्मी
तेच बसतात.

पंतोजी
'स्नेहं वहाम्यहम्'ला अजून कुणी दाद दिलेली नाही, हे नमूद करतो.

उद्योगी_उर्मी
आत्ता विचारून आले. पेंडीची पोती शिवत होते. म्हणाले, "वहिनी, वाक्य लांब आहे असं मी कधी म्हटलं? आपल्या मानानं मोठं आहे. घराघरांत कुठलं, आपलं तेल दिवाळीत गल्लीलासुद्धा पुरत नाही." मी गेले दोन दिवस शब्द मोजत बसले होते.

तिखटजाळ
मग ते म्हणतात तेच छापा. 'शेंगदाणा, करडई, खोबरेल. आमच्याच घाण्यावर. निघेल तेवढंच.' फक्त एकदा छापलं की ऑक्टोबरात नाही म्हणावं लागेल. आतेसासूबाईंनासुद्धा.

लेबलवाला
यात आक्षेप घेण्यासारखं काही दिसत नाही. बैल मात्र काढा.

उद्योगी_उर्मी
सासूबाईंना 'निघेल तेवढंच' भिकेचं लक्षण वाटतंय. दीर खूश. नवऱ्याचं म्हणणं, दुसरा घाणा घेऊ आणि आधीचंच वाक्य ठेवू, कर्जाचं नंतर बघू. प्रिंटरला सांगितलंय, सध्या ५०० च छाप आणि ओळीची जागा मोकळी सोड. बैल काढलाय. त्याने डिझाइनचे २०० रुपये जास्त लावले.

फोडणी_फेम
ते झालं. करडईचा भाव राहिला.

उद्योगी_उर्मी
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. करडई पुढच्या आठवड्यात निघेल, आत्ता नाही.