चोर्ल्याच्या वाटेवर बॅटरी उतरतेय, शुक्रवारच्या आत सांगा

धाकटी (अमेरिकेहून आलेली, सध्या बेळगावात टिळकवाडीत)
मंडळी, मागच्या खेपेचंच पुन्हा होणार असं दिसतंय. काल मामांबरोबर जांबोटीला जाऊन आले. निघताना 100 टक्के, घरी परतले तेव्हा 22. चार तास फोन पर्समध्येच होता, फोटो काढले दोन. शुक्रवारी आईला घेऊन चोर्ला घाटातून पणजीला जायचंय. तिचे शुगरचे रिपोर्ट, डॉक्टरांचा नंबर, सगळं याच फोनात आहे. मामा म्हणतात, "काय करूलालीस गं एवढं त्या फोनात?" काहीच करत नाहीये हो! इथल्या दुकानात दाखवला तर नवीन बॅटरी घाला म्हणाले. घालू का?

अण्णा
घाल. दोन वर्षांनी बॅटरी थकतेच, मी कायम सांगतो. आणि 20,000 एमएएचची पॉवर बँक जवळ ठेव. परत येताना ती केबिनच्या बॅगेत घ्यायची, चेक-इनच्या नाही. 20,000 म्हणजे साधारण 74 वॉट-अवर, विमानात 100 पर्यंत चालते.
आमची गाडी एका श्रावणात आंबोलीच्या वर बंद पडली होती. धुकं असं की बॉनेट दिसेना, आणि हिचा, माझा, दोन्ही फोन गेलेले. शेवटी एका चहावाल्याने स्वतःच्या फोनवरून सावंतवाडीच्या मेकॅनिकला बोलावलं. तेव्हापासून पॉवर बँक नसेल तर मी गाडी काढत नाही.

शहापूरच्या वहिनी
अण्णा, पॉवर बँक हा इलाज झाला, कारण नव्हे. धाकटे, आधी 5जी बंद कर आणि 4जी वर ठेव. आमच्याकडे शहापुरात 5जी छान येतं, पण खानापूरच्या पुढे ते येत-जात राहतं आणि फोन त्याच्या मागे लागतो. आणि ऑफलाइन नकाशा घरच्या वाय-फायवर उतरवून घे. बेळगावी ते पणजी एवढा पट्टा पुरे.

अण्णा
वहिनी, बेळगाव. तुम्ही शहापूरच्या, तुम्ही तरी बेळगाव लिहा.

शहापूरच्या वहिनी
अण्णा, मी घरात, देवळात, सगळीकडे बेळगावच म्हणते आणि म्हणणार. नकाशात 2014 नंतरचं नाव येतं, तिला शोधताना अडायला नको म्हणून तसं लिहिलं. नावाबद्दल मला शिकवू नका, माझे सासरे त्यासाठी तुरुंगात जाऊन आलेत.

सचिव
नावाचा विषय कृपया वेगळ्या मेलवर घ्या. प्रवासाच्या सूचनांची पुस्तिका मंडळाने काढलेली आहेच, त्यात पॉवर बँकेचं पान आहे. बदल सुचवायचे असतील तर समितीकडे पाठवा, प्रत्येकाने आपापली यादी फिरवू नये. आणखी एक, ट्रेकला वापरायची सॅटेलाइटवाली यंत्रं कुणीही भारतात नेऊ नका. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं तिथे गुन्हा आहे, विमानतळावरच अडवतात.

धाकटी
वहिनी, 5जी काल संध्याकाळीच बंद केलं. आज राजहंसगडावर गेलो, थोडा फरक पडला, फार नाही. अण्णा, बॅटरी हेल्थ 94 दाखवतेय, मग बॅटरी का बदलायची? बॅटरीच्या पानावर सगळ्यात वर "नो मोबाइल कव्हरेज" येतंय. पण इथल्या सिमला तर रेंज होती, मामांशी बोलले मी.

दादा
उशिरा वाचतोय, माफ कर. बॅटरी बदलू नकोस.
धाकटे, तिकडचा, अमेरिकेतला नंबर अजून चालू ठेवलायस ना, बँकेच्या ओटीपीसाठी? तोच खातोय. तुझ्या फोनात दोन लाइन आहेत. इथली लाइन आपल्या कंपनीच्या टॉवरवर शांत बसलेली असते. तिकडच्या लाइनला मात्र इथे फक्त करार असलेल्या कंपनीचंच नेटवर्क चालतं. शहरात ते मिळतं. जांबोटीच्या पुढे जंगल, दऱ्या, भीमगड अभयारण्याचा पट्टा, तिथे एखाद्याच कंपनीचा टॉवर लागतो, आणि तो तिच्या कराराचा नसला की ती लाइन एकेक बँड चाचपत बसते. मग ओझरतं सिग्नल सापडलं की लांबच्या टॉवरपर्यंत पोचायला फोन पूर्ण जोर लावतो. 4जीचा साधा फोन जास्तीत जास्त 200 मिलीवॉटने बोलतो. टॉवर जवळ असताना त्याचा बारीकसा अंश पुरतो, दरीत सगळं लागतं. पर्समध्ये पडून फोन गरम होतो तो यानेच.
सेटिंगमध्ये मोबाइल डेटा, मग तिकडची लाइन, तिथे "टर्न ऑन धिस लाइन" बंद कर. ई-सिम (कार्डाशिवाय फोनातच भरलेलं सिम) पुसायचं नाही, फक्त बंद. 2022 नंतरच्या अमेरिकेतल्या आयफोनला सिमची खाचच नाही, पुसलंस तर इथे बसून परत मिळवताना जीव जाईल. ओटीपी लागेल तेव्हा घरी येऊन चालू कर.

शहापूरच्या वहिनी
दादा, आणि सीमेचं काय? कर्नाटकातल्या बाचीहून महाराष्ट्रातल्या शिनोळीत शिरलं की माझा फोन दर खेपेला रोमिंग दाखवतो.

दादा
होय की वहिनी, दाखवणारच. मोबाइल कंपन्यांच्या हिशेबात कर्नाटक हे एक सर्कल, महाराष्ट्र-गोवा मिळून दुसरं. हद्दीवर फोन इकडच्या-तिकडच्या टॉवरवर उड्या मारतो, त्यात थोडी बॅटरी जाते. पण 100 ची 22 त्याने होत नाही. डेटा रोमिंग चालू ठेवा, नाहीतर शिनोळीत नेट जाईल आणि तुम्ही फोनला दोष द्याल.
धाकटे, कणकुंबीच्या पुढे घाटात सरळ एअरप्लेन मोड टाक. जीपीएस चालू राहतं, उतरवलेला नकाशा चालतो. आणि आईचे रिपोर्ट कागदावर छापून घे. आपल्या कंपनीची रेंज असो नसो, 112 लावायला कचरू नकोस, तो फोन मिळेल त्या कंपनीच्या टॉवरवरून जातो.

अण्णा
पॉवर बँक तरीही ने. मी हट्टाने सांगतोय.

धाकटी
शुक्रवार, सकाळी साडेनऊ. कणकुंबी. 97 टक्के. दादा, फोन गार आहे! रिपोर्ट छापलेत, अण्णांची पॉवर बँक मामांनी काल रात्रीच आणून दिली. आई माऊलीच्या देवळात गेलीये, मलप्रभेच्या कुंडाचं पाणी बाटलीत भरून घेतेय. ती आली की एअरप्लेन मोड टाकते आणि घाट उतरतो.