मदत हवी: माझा पोदेर दुसऱ्याच सेशनला मेला, परत कसा खेळू?

पोयवाली_फोंडा:
लोकहो पटकन सांगा, रविवारी परत बसायचंय. आमचा रोलप्लेइंग गेमचा ग्रुप आहे, टेबलावर बसून प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि डाइस टाकून पुढचं ठरवायचं, त्यात मी पोदेर घेतलाय, जुन्या काळचा, काठी खुळखुळवत दारोदार पाव देणारा. जादू नाही, तलवार नाही. पहिल्या सेशनला काय मजा आली म्हणून सांगू, पोदेराला वाड्यातलं, म्हणजे वस्तीतलं, सगळं कळतं ना, कोणाकडे चार पोया (आपले गोल पाव) जास्त म्हणजे पाहुणे आलेत, कोणी नको म्हणालं म्हणजे गावाला चाललेत, तर एका म्हातारीकडे रोज दोन लागायच्या तिने अचानक बारा मागितल्या आणि तिथूनच दरोडेखोर कुठे लपलेत ते सापडलं. ग्रुपातले विझार्ड (जादूगार) आणि पॅलाडिन (योद्धा) नुसते बघत राहिले. दुसऱ्या सेशनला गॉब्लिन नावाच्या छोट्या राक्षसाचा एक वार, खलास. मला हिरो नकोय, असाच माणूस हवाय. काय करू?

डायसप्रेमी:
सिस्टिम कुठली, म्हणजे कुठल्या गेमचे नियम? लेव्हल?

पोयवाली_फोंडा:
डीअँडडीच (डंजन्स अँड ड्रॅगन्स), अजून काय. फिफ्थ एडिशन, २०१४ चं पुस्तक. लेव्हल नाही त्याला.

डायसप्रेमी:
लेव्हल नाही म्हणजे कॉमनरचा, साध्या गावकऱ्याचा, स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता). ४ हिट पॉइंट, ते संपले की खेळ संपला, आणि वार अडवायचा आकडा, आर्मर क्लास, १०. गॉब्लिनचा वारच सरासरी ५ चा. डीएमने (गेम चालवणाऱ्याने) असं करायला नको होतं.

पोयवाली_फोंडा:
डीएमने नाही, मीच मागितलेला. बाकीचे तिसऱ्या लेव्हलवर आहेत.

डायसप्रेमी:
हे आधी सांगायचं ना! रोग (rogue) क्लास घे, म्हणजे चोर-हेराचा प्रकार, नाव पोदेरच ठेव. एक्स्पर्टीज (खास कौशल्य) इन्साइट म्हणजे मन ओळखणं आणि परसेप्शन म्हणजे बारीक नजर यांना लाव, स्नीक अटॅक (रोगचा जादा जोराचा वार) म्हणजे काठीचा तडाखा. कॉन्स्टिट्यूशन (तब्येत) १० धरली तरी १८ हिट पॉइंट होतात.

म्हापशेकार:
काठीने स्नीक अटॅक लागत नाही, फिनेस म्हणजे चपळाईने चालवायचं नाहीतर लांबून मारायचं हत्यार पाहिजे. आणि हा पोदेर कुठे राहिला, पोदेराचे कपडे घातलेला चोर झाला. तिला जे आवडलं ते बारा पोयांचं, मारामारी नव्हे. गेमच बदला. कॉल ऑफ कथुलू हा भयकथांचा गेम १९८१ पासून हेच करतोय, पत्रकार, ग्रंथपाल, प्राध्यापक, आणि तिथे पळून जाणं हा शहाणपणा. नाहीतर डंजन क्रॉल क्लासिक्स या गेमचा फनेल, प्रत्येकाला तीन-चार शून्य लेव्हलची माणसं, खाटीक, चांभार, मधमाश्या पाळणारा, जो वाचेल तो पहिल्या लेव्हलला.

डायसप्रेमी:
सुरी घेऊ दे मग. रविवारपर्यंत पाच जणांना नवीन गेम कोण शिकवणार, तुम्ही येणार फोंड्याला?

नवा_भिडू:
चांगले डाइस कुठे मिळतील? धातूचे टेबलावर चरे पाडतात का?

डिचोलीचे_काका:
मुलाने वाचायला दिलं. गेम मला माहीत नाही, पण जत्रेच्या नाटकात मी सात वर्षं हुजऱ्या केला. राजाचं काम कोणी दिलं तरी घेतलं नाही. राजाला ठरलेलं बोलावं लागतं, हुजऱ्या मात्र राजाकडे बघतो कसा यावरून लोकांना कळतं राजा कसा आहे. एकदा राजा वाक्य विसरला तेव्हा मी पाण्याचा तांब्या पुढे केला, सगळा मांडव गप्प झाला. बाय, तू पोदेर सोडू नको. आणि पोयीत कोंडा पाहिजे, हल्ली नुसता मैदा देतात.

म्हापशेकार:
काका, आमच्या वाड्यावर अजून कोंड्याची मिळते.

पोयवाली_फोंडा:
पोयीचा धागा वेगळा काढा ना प्लीज. काका, तांब्याचं मात्र पटलं, मला अगदी तेच हवंय. गेम बदलता येणार नाही, तर रोगच घेते, सुरीसकट. पण मेलेला परत कसा आणू? त्याचा भाऊ चालेल?

म्हापशेकार:
भाऊ कशाला, पोदेरीण आण. भट्टी पेटवायची कोणी, उधारीचा हिशोब कोणाकडे?

पोयवाली_फोंडा:
हां!! आणि तिने त्याला आदल्याच दिवशी सांगितलेलं असणार, म्हातारीकडे बारा कशाला लागतात म्हणून. आत्ताच तिच्या पात्राचं शीट बनवायला बसते, डीएमला मेसेज टाकलाय.