क्रिएटिव्ह = सर्जनशील? सृजनशील? की साधं 'सुचणं'?

अनुवादिनी
एक अडचण आहे, परवा संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचाय म्हणून घाईत लिहितेय. नववी-दहावीच्या मुलांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक छोटं प्रदर्शन आहे, त्याचे फलक मी मराठीत करतेय. एका फलकाचं शीर्षक असं की एआय माणसासारखं खरोखर 'क्रिएटिव्ह' होऊ शकतं का. मी 'सर्जनशील' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी लाल शाईने 'सृजनशील' केलं आणि समासात लिहिलं, 'सर्जन म्हणजे डॉक्टर'. मी परत सर्जनशील केलं, त्यांनी परत सृजनशील. तिसऱ्या फेरीत आता मीच डगमगायला लागलेय. त्यात काल माझ्या नववीतल्या भाच्याला दोन्ही वाचून दाखवलं तर तो म्हणाला, मावशी, म्हणजे काय? मी म्हटलं, अरे, नवीन काहीतरी सुचणं. तर म्हणाला, मग 'एआयला सुचतं का?' एवढंच लिही ना.
मला ते मनापासून आवडलं. पण फलकावर इतकं साधं चालेल का? आणि मुळात अर्थ बरोबर बसतो का?

टिपकागद
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. धातू सृज्. त्याला 'अन' प्रत्यय लागला की 'ऋ'चा गुण (स्वरबदल) होऊन अर् होतो, म्हणून सर्जन. विसर्जन, उत्सर्जन हे त्याच घरातले. गणपतीचं विसृजन कोणी करत नाही. 'सृष्टी'त ऋ तसाच राहतो कारण तिथला प्रत्यय वेगळा, तो गुण होऊ देत नाही. सृजन हिंदीतून आलंय. तुमचं बरोबर आहे, मागे हटू नका. डॉक्टरला सर्जन म्हणतात म्हणून आपण आपला शब्द का सोडायचा? बस नावाची गाडी आली म्हणून आपण पाहुण्याला 'बस' म्हणायचं थांबलो का?

वऱ्हाडकर
व्याकरण मान्य आहे पण टिपकागद, आमच्या नागपूरच्या शाळेत जिन्याखालच्या भिंतीवर 'सृजन' नावाचं भित्तिपत्रक लागायचं, दर महिन्याला, खळ लावून चिकटवलेले कागद, कोपरे सुटून वर वळलेले. माझी पहिली कविता तिथे लागली, आठ ओळींची, मधल्या सुट्टीत मी लांबून उभा राहून कोण वाचतंय ते बघायचो. मला कोणी सांगितलं की हा शब्द तुझा नाही, हिंदीतून आलाय, तर मी ऐकून घेणार नाही. तो खळीच्या वासासकट माझा आहे. लोकांच्या तोंडी बसला की शब्द मराठी झाला.

टिपकागद
तोंडी बसणं हाच निकष लावायचा तर 'दुरावस्था' पण बसलीये. मग दुरवस्था कोणी लिहायचीच नाही का? तुमची आठवण मोलाचीच आहे, तिच्यावर माझा आक्षेप नाही, पण शाळेच्या फलकावर मुलं जे वाचतात ते आयुष्यभर तसंच लिहितात, म्हणून मी हट्ट धरतोय. सावरकरांनी दिनांक, महापौर घडवले ते धातू-प्रत्यय नीट बघून घडवले, म्हणून टिकले.

दोनओळी
सर्जन-सृजनात भाच्याचा मुद्दा बाजूला पडला आणि मला तर तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.
'सुचणे' या क्रियापदाकडे जरा नीट बघा. 'मी सुचलो' असं आपण म्हणत नाही, 'मला सुचलं' म्हणतो. ओळ येते, मी फक्त ती जिथे येऊन पोचली ती जागा. याच्या उलट रचणे, जुळवणे, बेतणे, आणि अगदी 'कविता पाडणे', यात मी करणारा असतो. म्हणजे मराठीने हे दोन कप्पे आधीच वेगळे ठेवलेत आणि 'क्रिएटिव्ह' या एका शब्दात दोन्ही कोंबलेत. एआय रचतं यात वाद नाही, यमक जुळवतं, वृत्तात बसवतं. सुचतं का, हा प्रश्न उरतो.
आणि आत्ता हे टाइप करताना कीबोर्डच्या वर तीन शब्द येतायत. 'मला' लिहिलं की 'वाटतं', 'पण', 'माहीत'. याला आपण काय म्हणतो? फोन शब्द सुचवतो. सुचवणे हे सुचणेचंच प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याकडून करवण्याचं रूप. आजपर्यंत ज्यानं सुचवलं त्याला ते आधी सुचलेलं असायचं, आत्याने स्थळ सुचवलं म्हणजे ते तिच्या डोक्यात आधी आलं. फोनने पहिल्यांदा ती गाठ सोडली, काहीही न सुचता तो दिवसभर सुचवत बसतो. हे मोठे एआय पण मुळात पुढचा शब्द कुठला याचाच अंदाज बांधत जातात, फक्त तो अंदाज प्रचंड मजकूर पचवून केलेला असतो. म्हणून माझं मत, सुचवतं, सुचत नाही.
(सुचणे हे 'सूची' म्हणजे सुईवरून आलं असं माझे आजोबा सांगायचे, टोचल्यासारखं एकदम होतं म्हणून.)

टिपकागद
आजोबांचा मान राखून सांगतो, सूच् धातूचा अर्थ दाखवणे, खूण करणे. सूचना, सूचक त्यातलेच. सुईशी त्याचं नातं असेलही, पण टोचण्याची गोष्ट मला ओढूनताणून वाटते. बाकी मुद्दा उत्तम.

मांडवी
दोनओळी, 'ला' प्रत्ययावर एवढं ओझं टाकू नका. गाडीला पेट्रोल लागतं, रोपाला पाणी लागतं, मोबाइलला रेंज मिळत नाही. ऑफिसात आम्ही रोज म्हणतो, 'सिस्टीमला हे नाव कळत नाहीये, इंग्रजीत टाक'. 'कळणे' तर सुचण्यापेक्षा जास्त मनाचं क्रियापद आहे आणि ते आपण यंत्राला कधीच देऊन टाकलंय. उद्या लोक 'एआयला चांगलं सुचतं' म्हणायला लागतील, बहुतेक लागलेतच, तेव्हा व्याकरण आडवं येणार नाही. आमच्या कोंकणीतही 'म्हाका सुचलें' असंच आहे, पण त्यावरून कोणाला मन आहे नि कोणाला नाही हे ठरत नाही. वाक्यरचनेतून आपण जगाकडे कसं बघतो एवढंच कळतं.

कायदा_पलटा
मी तबला शिकतो, बरीच वर्षं झाली, अजून शिकतोच आहे. दिल्लीचा तो सगळ्यांना पहिला शिकवतात तो कायदा (ठरलेल्या बोलांची रचना), धा धा तिट धा धा तूं ना. कायद्याचा नियम असा की पलटे (त्याच बोलांची उलटापालट) करताना त्यात जे बोल आहेत तेच वापरायचे, बाहेरचा बोल आणायचा नाही, आणि खाली-भरी (तालातले हलके-भारी भाग) सांभाळायची. म्हणजे हे मोजता येतं. मी खरंच एकदा कॉम्प्युटरकडून त्या कायद्याचे पलटे काढून घेतले, ढीगभर निघाले, त्यातले पंधरा-वीस वहीत उतरवून रियाज केला आणि गुरुजींना वाजवून दाखवले. काय केलंय ते सांगितलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून सगळे ऐकले, हाताने मात्रा धरत, आणि शेवटी म्हणाले, 'चुकीचा एकही नाही. पण हे बसवलेले आहेत, आलेले नाहीत.'
मला वाटलं त्यांनी यंत्र ओळखलं. मग सांगितलं सगळं. तर म्हणाले, 'मला यंत्राचं काय कळतंय, तू माझ्याच एखाद्या जुन्या वहीतून आणले असतेस तरी हेच म्हणालो असतो. तू मागचा पलटा ऐकून पुढचा घेत नव्हतास.'
हे मी महिनाभर डोक्यात घेऊन फिरतोय. कारण याचा अर्थ दोष पलट्यात नव्हता, माझ्यात होता. तेच पलटे एखाद्याला मैफिलीत ऐन वेळी आले असते तर ती 'उपज' झाली असती. बोल तेच, मात्रा त्याच. अनुवादिनीताई, गाण्याबजावण्यात 'उपज' हा शब्द आहे बघा, मला तो सर्जनापेक्षा जवळचा वाटतो.

जुनी_पोथी
कायदा_पलटा यांनी जे सांगितलं ते समर्थांनी दासबोधात जवळजवळ सांगून ठेवलंय, चौदाव्या दशकाच्या तिसऱ्या समासात. कवित्व तीन प्रकारचं, धीट, पाठ आणि प्रासादिक. धीट म्हणजे मनात आलं ते बळेच रचलं. आणि पाठ म्हणजे काय, तर 'पाठ म्हणिजे पाठांतर । बहुत पाहिलें ग्रंथांतर । तयासारिखा उतार । आपणही केला'. पुष्कळ ग्रंथ पाहिले आणि त्यासारखा उतारा आपणही केला! मी हे नातीला वाचून दाखवलं, ती एआयच्याच क्षेत्रात नोकरीला आहे, ती म्हणाली आजी, आम्ही दिवसभर हेच करतो. पुढे समर्थ भराभर जोडलेल्या कवित्वालाही याच खात्यात टाकतात, भक्तीवाचून केलेलं म्हणून. त्यांचा निकष नवेपणाचा नाहीच मुळी. नवं आहे की जुनं हे ते विचारत नाहीत, कुठून आलं ते विचारतात.
संस्कृतवाले मात्र नवेपणा धरतात. भट्टतौत या जुन्या काव्यशास्त्रकारांची प्रतिभेची व्याख्या 'प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी', नवे नवे धुमारे फुटत राहणारी प्रज्ञा. तिच्यात ही यंत्रं पास होतील असं मला प्रामाणिकपणे वाटतं. समर्थांच्या परीक्षेत होणार नाहीत.

मांडवी
आजी, फार सुंदर. पण मग तुकोबांचं काय करायचं? 'साळुंकी मंजुळ बोलतसे वाणी । शिकविता धणी वेगळाची'. ते स्वतःलाच साळुंकी म्हणतात, बोलविता दुसराच आहे म्हणतात. आज एआयला लोक पोपट म्हणून हिणवतात आणि आपला सगळ्यात मोठा कवी तीच जागा स्वतःसाठी मागून घेतो.

जुनी_पोथी
साळुंकीला धनी कोण हे माहीत आहे. फरक तिथे आहे. नम्रता बोलण्यात असते तशी ती कोणासमोर आहे यातही असते. मी यावर अजून विचार करीन.

पटावरचा
सगळे कवितेबद्दलच बोलताय म्हणून एक वेगळं उदाहरण. मार्च २०१६, सोल, गो या पटावरच्या खेळात अल्फागो हा एआय प्रोग्राम विरुद्ध कोरियन खेळाडू ली सेडॉल, दुसरा डाव, ३७वी चाल. अल्फागोने डावाच्या सुरुवातीलाच पाचव्या रेघेवर सोंगटी ठेवली. इतक्या लवकर तिथे ठेवू नये हे शिकलेल्या खेळाडूच्या हाडात भिनलेलं असतं, समालोचकांना आधी ती चूकच वाटली. माणूस अशी चाल करण्याची शक्यता त्या प्रोग्रामच्याच हिशोबात दहा हजारात एक होती, म्हणजे पाहिलेल्या डावांचा 'उतार' नक्कीच नव्हता, स्वतःशीच लाखो डाव खेळून ते तिथे पोचलं होतं. तो डाव अल्फागो जिंकला. आणि चौथ्या डावात ली सेडॉलने ७८वी चाल अशी काढली की अल्फागो कोसळला, मालिकेतला माणसाचा तो एकमेव विजय. मी तेव्हा रात्री जागून दोन्ही चाली पटावर मांडून बघितल्या होत्या. मला त्या दोन्ही बघताना अंगावर तसाच काटा आला, आणि एकीला 'सुचली' नि दुसरीला 'हिशोबात निघाली' म्हणायचं तर त्याचं कारण चालीत दिसत नाही.

दोनओळी
गोमध्ये कोण जिंकलं ते कळतं. कवितेत कोण जिंकलं हे सांगणारा पट कुठे आहे? अल्फागो स्वतःची चाल चांगली की वाईट हे शेवटच्या मोजणीवरून शिकलं. माझी ओळ चांगली आहे हे मला आतून कळतं, निदान तसं वाटतं, म्हणून मी दहा खोडून एक ठेवते. खोडणं हा सुचण्याचा अर्धा भाग आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाहीये.

वकीलपत्र
शब्दाचाच धागा आहे म्हणून एक भर. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटरने तयार केलेल्या कृतीचा लेखक कोण, याची व्याख्या १९९४च्या दुरुस्तीने घातलेली आहे, कलम २(ड). त्याचा मराठी आशय, जी व्यक्ती ती कृती निर्माण होण्यास कारण होते ती. म्हणजे करणारा नाही, करवणारा. दोनओळी यांचं प्रयोजक क्रियापद कायद्यात आधीपासून बसलंय. आणि संस्कृतात राजशेखर या काव्यशास्त्रकाराने प्रतिभेचे कारयित्री आणि भावयित्री असे दोन प्रकार केले, त्यातली 'कारयित्री'ही व्याकरणाने 'करवणारी'च ना? टिपकागद, तपासाल का?

टिपकागद
हो, प्रयोजकच. कवीकडून काव्य करवते ती कारयित्री, रसिकाला आस्वाद घ्यायला लावते ती भावयित्री. यावरून आठवलं, पटावरचा यांच्या अंगावर आलेला काटा भावयित्रीच्या खात्यात जातो, तो अल्फागोचा पुरावा धरता येणार नाही. आणि 'कृत्रिम' हा शब्दही मुळात 'करून निर्माण झालेलं' एवढाच आहे, पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्र दिलंय. खोटं, बेगडी ही छटा नंतरची. 'कृत्रिम हसू' आपण म्हणतो त्याने हा शब्द उगाच बदनाम झाला.

वऱ्हाडकर
म्हणजे लोकांच्या वापराने अर्थ बदलला हे तुम्हीच कबूल करताय :) मग सृजनने काय घोडं मारलं?

टिपकागद
अर्थ बदलणं आणि रूप बिघडणं यात फरक आहे. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

अनुवादिनी
सगळ्यांचे मनापासून आभार, मी तीनदा वाचलं हे सगळं. फलकावर शेवटी भाच्याचंच ठेवलं, 'एआयला सुचतं का?', आणि खाली छोट्या अक्षरात 'सर्जनशीलतेविषयी काही प्रश्न'. तपासणाऱ्या बाईंनी मोठं शीर्षक लगेच मान्य केलं, खालच्या ओळीवर परत लाल गोल आहे. कायदा_पलटा, तुमच्या गुरुजींचं 'बसवलेले आहेत, आलेले नाहीत' मला फलकावर घ्यायला आवडेल, त्यांना विचाराल का?
आणि आता नवीन अडचण. मी सगळीकडे 'ते एआय' लिहिलंय. बाईंनी 'ती एआय' केलंय, बुद्धिमत्ता स्त्रीलिंगी म्हणून. भाचा 'तो एआय' म्हणतो. या धाग्यावरही बघितलं तर बहुतेकांनी 'ते' लिहिलंय पण ठरवून कोणी लिहिलेलं दिसत नाही. काय ठेवू?

कायदा_पलटा
गुरुजींना विचारतो, गुरुवारी शिकवणी आहे. आमच्या घरी सगळे 'तो' म्हणतात. आई 'ती' म्हणते, कारण फोनमधला आवाज बाईचा आहे.

मांडवी
'ते' ठेवा. मूल पण 'ते'च असतं.